तो शून्य ठरवतोय

"बाबा, टेबलाला टेकू नका,"
ऋजुता मान वर न करता म्हणाली,
"तो शून्य ठरवतोय."

तो, म्हणजे चार चाकं, एक उचलता हात,
माझ्या प्लांटच्या भंगारातून मागून आणलेली चौकट
आणि पोटात तळहाताएवढा डबा.
वीज मिळाली की डब्याचा दिवा पाच सेकंद लुकलुकतो.
तेवढा वेळ त्याला कोणी हलवायचं नाही.
हललं, तर त्या हलण्यालाच
तो स्थिर असणं समजून बसतो,
मग दिवसभर सरळ म्हणून वाकडा जातो.

मी हात मागे घेतला.
रात्रपाळीचे बूट अजून पायातच होते.

सोहारमधला शुक्रवार. जुम्म्याला अजून दोन तास.
गाडी दोन महिने बाहेर उन्हात,
आणि गॅरेजात उसना एसी, त्याच्या खाली बादली.
हैथम पालथा पडून केबल मोजतोय,
दिनिथी खुबूझमध्ये चीज गुंडाळून
ज्याचे हात तेलकट त्याला भरवते आहे.
जोएलच्या स्क्रीनवर एक पट्टी सरकते:
अठ्ठेचाळीस टक्के.
अठ्ठेचाळीस टक्के.
डब्यातलं सॉफ्टवेअर यंदाचं, लॅपटॉपमधलं गेल्या वर्षीचं,
दोघं ओळख दाखवत नाहीत,
वाटणीनंतर एका लग्नात भेटलेल्या चुलत भावांसारखे.
काल रात्री सगळं पुसून पुन्हा भरलं,
आज ये रे माझ्या मागल्या.

मला यातलं फार कळत नाही.
मी एकोणीस वर्षं व्हॉल्व्ह जुळवतो.
आमच्याकडे शून्य म्हणजे चार मिलिअँपिअर,
मुद्दाम. तार तुटली तर कळावं म्हणून.
खरंखुरं शून्य आलं
की समजायचं, पलीकडे कोणी नाही.
हे मी पोरांना सांगितलं.
हैथमने वर बघून मान हलवली.
"बाबा," ऋजुता म्हणाली, "हे डिजिटल आहे."

पट्टी पूर्ण झाली. जोएलने बटण दाबलं.
"पुढे" म्हटल्यावर तो
जागच्या जागी गरगरला,
जात्यासारखा,
टेबलावरचे स्क्रू उडाले.
पुन्हा. पुन्हा तेच.
ऋजुता कोड वाचत होती, ओठ हलत होते,
लहानपणी पाढे म्हणताना हलायचे तसे.
पन्नास ओळी, शंभर, परत पहिलीपासून,
कुठे काही चुकलेलं सापडेना.

दिनिथीने चाकांवर लाल चिकटपट्टी लावली,
खाली बसून नुसतं पाहत राहिली.
मग म्हणाली, मोटरींची तोंडं बघा.
दोघी एकमेकींकडे तोंड करून बसवल्यात.
एकच "पुढे" सांगितलं,
तर एक इकडे निघणार, एक तिकडे.

दोन तास, आणि उत्तर
एक उणे चिन्ह.

ऋजुताने ते घातलं,
आणि शेजारी, जिथे मशीन वाचत नाही
अशा ओळीत, मराठीत लिहिलं:
उजवी उलटी बसली आहे. ती चुकलेली नाही.
जोएलने विचारलं, हे काय?
ती म्हणाली, काही नाही, माझ्यासाठी.
मी चष्मा पुसला. एसीचं पाणी उडलं होतं बहुतेक.

या खेपेला तो सरळ गेला.
दारापर्यंत, उंबऱ्यावरून, वाळूत,
आणि माझ्या गाडीच्या टायरवर जाऊन थडकला.
हैथम ओरडला, जोएलने त्याच्या पाठीत धपाटा घातला,
वरच्या मजल्यावरची खिडकी उघडून बंद झाली.
उद्या मस्कतला यातलं किती टिकेल, कोण जाणे.
तिथलं मैदान सपाट आहे म्हणतात,
आमच्या फरशीला उतार.

उचलून आणला. बॅटरी बदलली.
बंद केला, चालू केला.
दिवा लुकलुकू लागला.

मागे बादली काठोकाठ भरली होती.
पहिला ओघळ फरशीवर उतरला,
वायरींच्या दिशेने निघाला,
आणि आम्ही पाचही जण
त्याच्याकडे बघत
श्वास धरून उभे.